कुत्रा बाहेर असेल तर

माहेरी तिला सगळे टकळी म्हणायचे, कारण तिचं तोंड कधी मिटत नसे. शाळेत बाकावर उभं केलं तरी ती उभ्या उभ्या मागच्या बाकाशी गप्पा मारायची. लग्नानंतर मात्र तीच टकळी, दारावरची घंटा वाजली की आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघू लागली.

नवरा मोजणीदार होता. भूखंड, इमारती, रस्ते मोजायचा. ऑफिसात आणि शेजारीपाजारी त्याचं नाव निघालं की लोक म्हणत, माणूस असावा तर असा. आवाज चढवणं त्याला माहीतच नव्हतं. घरातही तो आवाज चढवत नसे. टकळीचं मनगट पिरगाळतानासुद्धा तो हळूच विचारायचा, "आता कळलं का?"

एकदा ती न सांगता थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, निघून गेली होती. तो न्यायला आला, ताईशी गोड बोलला, भाच्यांना खाऊ दिला. घरी आल्यावर त्यानं टकळीचा फोन काढून घेतला. तेव्हापासून बाहेर जाताना तो दाराला बाहेरून कुलूप लावायचा. घर चौथ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या. ताईचा फोन आला की तोच घ्यायचा. "तिला सध्या माणसं नको वाटतात हो. जरा विश्रांती घेऊ द्या."

हळूहळू टकळी जेवेनाशी झाली. तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायची. त्याला ते आवडलं नाही. उद्या कुणी पाहुणा आला तर काय दिसेल? म्हणून तिच्या डोक्याला काहीतरी चाळा द्यायचं त्यानंच ठरवलं, आणि शोधून शोधून काढली ती लोजबान. तर्कशास्त्राच्या पायावर मुद्दाम बनवलेली भाषा. फुकट शिकवणारी एक बाईही त्यानं शोधली.

"जगात कुणाची ही मातृभाषा नाही म्हणे," तो बूट पुसता पुसता म्हणाला. "शिकलीस तरी बोलणार कुणाशी?"

आणि तो हसला. टकळीही हसली, कारण तो हसला की हसायचं असतं.

शिकवणी टॅबलेटवर व्हायची, बुधवारी आणि रविवारी सकाळी. टॅबलेट त्याच्या कपाटातून निघायचा आणि तास संपला की कपाटात जायचा. तास चालू असताना तो टेबलाच्या कडेला, तिच्या बाजूच्या खुर्चीवर, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बूट पुसत बसायचा. घरात होते तेवढे सगळे जोड तो ओळीनं पुसायचा. बाईंना पडद्यावर त्याचा खांदा आणि अधूनमधून चेहरा दिसे.

बाईंनी सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. केस पांढरे, आवाज खणखणीत. "आमच्याकडे सिग्नलचा एक खटका पडल्याशिवाय दुसरा पडतच नसे," त्या सांगत. "म्हणून मला ही भाषा आवडते. यात गोलमाल चालत नाही." सुरुवातीला वर्गात आणखी काही जण होते. एकेक करून सगळे गळाले आणि टकळी एकटी उरली. बाईंनी तिला सरावाचं पुस्तक टपालानं पाठवलं. मोजणीदारानं ते पानन्‌पान चाळून बघितलं आणि मग तिच्या हातात दिलं.

पहिले दोन महिने नुसती मौज होती. गेर्कू म्हणजे कुत्रा, म्लातू म्हणजे मांजर. टकळीला वाटायचं, आपल्या तोंडात कुणाच्याच मालकीची नसलेली गोष्ट आहे. तिला पुन्हा भूक लागू लागली.

मग एका रविवारी बाईंनी 'शकणं' शिकवायला घेतलं.

"आपण म्हणतो, मी जाऊ शकते," बाई म्हणाल्या. "पण त्यात किती अर्थ दडलेत बघ. नुसतं अंगात तेवढं बळ आहे, तर काहे. जाऊ शकते आणि पूर्वी गेलेही आहे, तर पुही. जाऊ शकते पण अजून कधी गेलेली नाही, तर नुहो. आता तू सांग. मांजराचं वाक्य कर."

"लो म्लातू..." टकळी थांबली. बाजूला ब्रशचा आवाज चालू होता. "लो म्लातू नुहो श्लिवा."

मांजर निघून जाऊ शकतं, पण अजून गेलेलं नाही. वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो बुटाच्या टाचेवर थुंकी लावून घासत होता.

"छान," बाई म्हणाल्या. "आता पुढचं. वाक्याला वाक्य जोडायचं. मांजर जात नाही, का जात नाही? पण 'कारण' म्हणजे कुठलं कारण, हे या भाषेत सांगावंच लागतं. दगड पडला म्हणून काच फुटली, तर रीहा. मनात भीती आहे म्हणून गेलं नाही, तर मुही. बोल, तुझं मांजर का जात नाही?"

टकळीला वाटलं होतं, मुही म्हणावं. भीती तर होतीच. पण भाषेत गोलमाल चालत नाही.

"इरीहाबो," ती म्हणाली, "लो वोर्मे शू गान्लो." कारण दार बंद आहे.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अगदी शिकवणीच्याच आवाजात विचारलं, "खू लो गेर्कू काहे बात्ची?" कुत्रा चावू शकतो का?

टकळीचं मनगट टेबलावर होतं. तिनं ते मांडीवर घेतलं.

"पुही बात्ची."

चावू शकतो, आणि चावलाही आहे.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर वाक्य केलंस, बाळ."

"कुत्रं, मांजर, कुत्रं, मांजर," मोजणीदार खालून म्हणाला. "बालवाडीच झाली की ही, बाई!"

बाई हसल्या. त्यांना हसता आलं याचं टकळीला फार नवल वाटलं.

त्यानंतरचे तास म्हणजे सुळावरची पोळी होती. बाई प्रश्न विचारायच्या आणि टकळी उत्तरं द्यायची. दाराची किल्ली मांजराकडे आहे का? नाही, कुत्र्याकडे. दुसरं मांजर आहे का? आहे, मोठं आहे, लांब राहतं. मदत हवी का? या प्रश्नाला तिनं दोनदा उत्तर टाळलं. तिसऱ्यांदा 'गोही' म्हणाली, म्हणजे होय. म्हणून झाल्यावर दिवसभर तिचे हात कापत होते. भाजी चिरताना बोट कापलं, तेव्हा कापण्याला निमित्त तरी मिळालं असं तिला वाटलं.

आणि एका मंगळवारी जेवताना तो म्हणाला, "श्लिवा म्हणजे निघून जाणं, नाही का गं?"

टकळीनं त्याच्या ताटात न मागता आणखी भात वाढला.

"मी बघितलं. शब्दकोश आहे की सगळा, कुणीही बघावा." त्यानं ताटातलं मीठ बोटानं सारखं केलं. "मांजराला कुठे जायचंय एवढं?"

"धडाच तसा आहे," ती म्हणाली. "प्राणी येतात, जातात."

"हो का," तो म्हणाला आणि शांतपणे जेवत राहिला. भात संपल्यावर म्हणाला, "उद्याचा तास शेवटचा. पुरे झालं आता. गुरुवारी मला लांबच्या साइटवर जायचंय, तेव्हा टॅबलेटही मी बरोबर नेणार आहे."

त्या क्षणी तिची पाचावर धारण बसली. पण भीतीच्या तळाशी एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. गुरुवारी तो दिवसभर नसेल. बुधवारी एकच तास आहे. त्याला मोठे शब्द कळतात, कारण ते कोशात पटकन सापडतात. जोडणारे बारीक शब्द त्याला कंटाळवाणे वाटतात. तेव्हा एकच वाक्य करायचं, त्यानं अजून न ऐकलेले शब्द घालून, आणि जोडकाम बारीक शब्दांवर सोडायचं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती ते वाक्य मनातल्या मनात घोकत राहिली. गनाई म्हणजे जर. गी म्हणजे तर. वित्के म्हणजे भेटीला येणं. जर कुत्रा बाहेर असेल, तर या.

बुधवारी तो बूट पुसायला बसला नाही. तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"आज शेवटचा तास म्हणे," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष टकळीच्या डोक्यावरून मागे गेलं आणि परत आलं. "मग उजळणी करू. जोडवाक्य कर एखादं. तुझ्या मनानं."

खांद्यावर त्याचा हात आला. जड नव्हता. नुसता ठेवलेला.

टकळी एका दमात म्हणाली, "गा लो गेर्कू शू बार्तू गी को वित्के."

"शा मा?" बाईंनी विचारलं. कधी?

"शा लो बाव्लाम्देइ." उद्या.

"समजलं," बाई म्हणाल्या. "चांगली शिकलीस हो." पडदा काळा झाला. त्यानं टॅबलेट कपाटात ठेवला.

दुपारी ओट्यावरचं पाणी पुसताना टकळी ते वाक्य पुन्हा ओठांतल्या ओठांत म्हणत होती आणि पुसता पुसता थिजली. गा. ती 'गा' म्हणाली होती. 'गनाई' नाही. त्या हाताच्या स्पर्शानं तिच्या तोंडातलं 'नाई' गिळून टाकलं होतं.

गनाई म्हणजे जर. पण नुसतं गा म्हणजे एकतर. ती बाईंना सांगून बसली होती, एकतर कुत्रा बाहेर असेल, नाहीतर या.

नाहीतर या! म्हणजे तो बाहेर असेल तर येण्याचं कारण नाही, आणि तो घरात असेल तर मात्र नक्की या. तिनं स्वतःच्या हातानं ध चा मा केला होता. आणि बाई म्हणजे अशा बाई, की खटका पडला नाही तर गाडी जागची हलू द्यायच्या नाहीत. त्या शब्दाला शब्द धरणार. तिला वाटलं, धावत जावं आणि कपाट फोडावं. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात होती आणि तो बाहेरच्या खोलीत नकाशा पसरून बसला होता.

"काय पडलं गं?" तो तिथून म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली. हातातलं फडकं खाली पडलं होतं, बाकी काही नाही.

गुरुवारी सकाळी तो निघाला. कुलूप लागल्याचा आवाज आला. तरीही टकळीनं वेड्या आशेवर बाहेर जायचे कपडे घातले, पायात बूट चढवले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. न जाणो, बाईंना चूक कळली असेल. खाली एक निळी गाडी उभी होती, पण त्या रस्त्यावर गाड्या नेहमीच उभ्या असत. माणसं येत होती, जात होती. कुणी मान वर करत नव्हतं. ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरलं. दाराशी कुणी आलं नाही.

बाईंनी तिचं वाक्य अचूक ऐकलं होतं. आता काय होणार होतं? टॅबलेट गेला होता, तास गेला होता. संध्याकाळी तो परत येईल. उद्या, परवा आणि पुढेही येतच राहील. ती खिडकीखाली फरशीवर बसली.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

ती धडपडून उठली. बाई! पण बाईंकडे किल्ली कुठून येणार?

"यंत्राची बॅटरी राहिली," मोजणीदार आत येत म्हणाला. त्यानं दार लावून घेतलं, आतून कडी घातली, मग तिच्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग कपड्यांकडे, मग पायांकडे.

"घरात बूट कशाला?"

तो बॅटरी आणायला गेला नाही. खुर्ची ओढून बसला, बॅगेतून टॅबलेट काढला.

"बस. बोलू या जरा."

ती बसली.

"काल एक शब्द नवा होता. वाटेत बघितला." तो पडद्यावर बोट फिरवत होता, साइटवरच्या रेघा तपासाव्यात तसं सावकाश. "बार्तू. म्हणजे बाहेर. कुत्रा बाहेर." त्यानं टॅबलेट उताणा ठेवला. "कुत्रा कोण गं?"

तो उठला. हळूच उठला, कारण त्याला घाई कधीच नसे, आणि टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आला. त्यानं तिचं मनगट धरलं. तेच मनगट.

"वित्के राहिलं बघायचं," तो म्हणाला. "की तूच सांगतेस?"

दारावरची घंटा वाजली.

तो हलला नाही. घंटा पुन्हा वाजली आणि मग दारावर थापा पडल्या. "दार उघडा. पोलीस."

त्यानं मनगट सोडलं, शर्टाची कॉलर नीट केली, आणि दारापर्यंत जाता जाता त्याचा चेहरा बदलत गेला. दार उघडलं तेव्हा तो तिथे लोकांच्या ओळखीचा माणूस होता. बाहेर गणवेशातल्या एक पोलीस बाई होत्या. त्यांच्यामागे, पडद्यावर वाटायच्या त्याहून बऱ्याच बुटक्या, सिग्नलच्या बाई उभ्या होत्या. जिने चढून त्यांना धाप लागली होती.

"या ना, मॅडम," मोजणीदार म्हणाला. "काहीतरी गैरसमज दिसतोय. बायकोची तब्येत जरा बरी नसते. मनाचं आहे. ती काहीबाही बोलते. या बाईंनाही काही सांगितलं असेल, त्या कुत्र्यामांजरांच्या भाषेत." आणि तो हसला.

पोलीस बाईंनी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

टकळी उभी राहिली. त्यानं मागे वळून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला कुठल्याही कोशाशिवाय कळत होता. तिच्या डोक्यात काहे, पुही, नुहो सगळं घोंघावत होतं आणि एकही शब्द तोंडाशी येत नव्हता. कुत्रा नाही, मांजर नाही, आता साध्या शब्दांत बोलायचं होतं. तेच जमत नव्हतं. त्या भाषेत निदान ती कुणाच्या तरी आडून बोलत होती.

"ती घाबरलीय तुम्हाला बघून," तो म्हणाला.

"यांना नाही," टकळी म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तुम्हाला घाबरते मी. हे मला मारतात. बाहेरून कुलूप लावतात. मला ताईकडे जायचंय. आत्ता."

तो एक पाऊल तिच्याकडे सरकला. "साहेब, तुम्ही आहात तिथेच उभे राहा," पोलीस बाई म्हणाल्या आणि आत येऊन दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. "चला. काही घ्यायचंय?"

काही घ्यायला थांबण्याचं धाडस तिच्यात नव्हतं. ती त्याच्या अंगावरून गेली. दारातून बाहेर पडताना पाठीवर हात पडेल असं तिला वाटलं. पडला नाही. बाईंनी तिला काखेत धरून जिना उतरवला. मागून तो अजूनही हळू, समजूतदार आवाजात बोलत होता. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं दार उघडलं, बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

खाली त्यांची गाडी म्हणजे ती निळी गाडीच होती. पोलीस ठाण्यात त्यांना एका बाकावर बसवलं, कुणीतरी चहा आणून ठेवला. ताईला फोन लागला होता, ती निघाली होती. टकळी दर वेळी दार वाजलं की दचकत होती. तो इथेही येईल असं तिला वाटत होतं, छान कपडे घालून, सगळ्यांना नमस्कार करत.

"सकाळपासून गाडीत बसून होतो आम्ही," बाई सांगत होत्या. "तो जाताना दिसला मला. या मॅडम म्हणाल्या, आता तो गेला, चला वर. मी म्हटलं, अजिबात नाही. मुलीनं स्पष्ट सांगितलंय, तो बाहेर असेल तर यायचं नाही, घरात असेल तरच यायचं. तिचं काही कारण असेल. या चिडल्या माझ्यावर. दोनदा गाडी सुरू केली यांनी. मी म्हटलं, खटका पडू द्या. मग तो परत आला, आणि आलो."

टकळी त्यांच्याकडे बघत राहिली. "बाई, ती चूक होती."

"काय चूक?"

"मला गनाई म्हणायचं होतं. मी गा म्हणाले. त्याचा हात होता खांद्यावर."

बाईंनी हातातला चहाचा पेला बाकावर ठेवला. "म्हणजे तू एकटी असताना... आणि मी खाली बसून... आणि तो आत..." मनगटावरचे ताजे वळ त्यांनी आता बघितले. "अगं, मी तुला त्याच्या तोंडी दिलं!"

"तो नसताना दाराला बाहेरून कुलूप होतं ना," पोलीस बाई टेबलामागून, न बघता म्हणाल्या. "वॉरंटशिवाय मी ते फोडणार होते का? बाहेरूनच आवाज देऊन परत गेलो असतो आम्ही, आणि संध्याकाळी शेजाऱ्यानं त्याला सांगितलं असतं. तो घरात होता म्हणून दार उघडलं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तरी पुढच्या वेळी सरळ आपल्या भाषेत सांगा कुणाला तरी. माझं डोकं पिकलं."

बाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. टकळीला हसू आलं नाही आणि रडूही. ती दाराकडे तोंड करून बसली, म्हणजे कोण येतंय ते आधी दिसेल.

"जबाब लिहून घ्यायचाय," पोलीस बाई म्हणाल्या. "सावकाश सांगा. काय काय झालं, आणि कशामुळे."

"कुठल्या कशामुळे?" टकळीनं विचारलं.

पोलीस बाईंना प्रश्न कळला नाही. टकळीनं चहाचा एक घोट घेतला. थंड झाला होता. मग तिनं ताईकडून परत आल्याच्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.